साडेतीन महिने पाळी नाही, आणि घरात स्थळं सुरू

पत्र थोडक्यात असं : नाशिक जिल्ह्यातली २५ वर्षांची वाचक. खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम, दिवसभर खुर्चीत. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. बारावीपासून पाळी ५० ते ७० दिवसांनी येते, या वेळी साडेतीन महिने झाले तरी पत्ता नाही. हनुवटीवर जाड केस, दर दहा दिवसांनी थ्रेडिंग. मान काळवंडलेली. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत ‘दोन्ही बाजूंना पीसीओडी’ निघालं (संप्रेरकांच्या, म्हणजे हॉर्मोन्सच्या गडबडीने बीज वेळेवर न सुटण्याचा विकार, यालाच पीसीओएस म्हणतात). डॉक्टरांनी दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या २१च्या पाकिटांवर सहा महिने पाळी वेळेवर आली, गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आईचं मत, गोळ्यांनीच गर्भाशय खराब झालं. आत्याचं मत, लग्न कर, एक मूल झालं की सगळं जागेवर येतं. भात, पोळी आणि दूध सोडून दीड महिन्यात चार किलो उतरवले, पुढच्या तीन महिन्यांत पाच चढले. वडिलांना मधुमेह आहे. एक स्थळ पसंतीपर्यंत आलंय आणि आईने बजावलंय, तिथे याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. शेवटी लिहिलंय, “ताई, मला मूल होईल का आणि त्या मुलाला हे सांगायचं का, एवढंच सांगा.”

तुझ्या दोन्ही प्रश्नांकडे येते, पण आधी ते साडेतीन महिने. पाळी ९० दिवसांच्या वर लांबली की आणखी वाट बघायची नसते. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घे, स्थळाचं काय व्हायचं ते होवो.

असं का म्हणते, ते समजून घे. गर्भाशयाचं आतलं अस्तर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे वाढतं. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक तयार होतं, ते या वाढीला आवर घालतं, आणि त्याची पातळी उतरली की अस्तर गळून पाळी येते. तुझ्या बाबतीत बहुतेक महिने बीज बाहेरच पडत नाही. मग प्रोजेस्टेरॉन नाही, आवर नाही, अस्तर वाढतच राहतं. कधीतरी ते आपोआप सुटायला लागतं आणि पंधरा-पंधरा दिवस रक्त जात राहतं, हिमोग्लोबिन आठ-नऊवर येतं. असं वर्षानुवर्षं चाललं तर अस्तरातल्या पेशींची वाढ बिघडते आणि पुढे अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पंचविशीत हा धोका फार लहान आहे, तेव्हा रात्री जागून त्याचा विचार करत बसू नकोस. फक्त दर तीन महिन्यांत एकदा तरी अस्तर उतरलं पाहिजे, एवढं पक्कं धर.

डॉक्टर बहुधा आधी गरोदरपणाची चाचणी सांगतील. ती सगळ्यांनाच सांगतात, त्यात तुझ्यावर संशय नसतो. तशी शक्यता असेल तर आईला पाच मिनिटं बाहेर बसायला सांग आणि डॉक्टरांना खरं ते सांग. चाचणीत काही नसेल तर साधारणपणे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारी) १० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, १० ते १४ दिवस देतात. शेवटची गोळी घेतल्यावर आठवडाभरात पाळी येते. अस्तर साठलेलं असल्यामुळे ती नेहमीपेक्षा जास्त जाईल. तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन तास चाललं, किंवा उभं राहिल्यावर चक्कर येते, तर रात्र काढू नकोस, दवाखाना गाठ. उलट गोळ्या संपून दोन आठवडे झाले तरी काहीच आलं नाही तर तेही डॉक्टरांना कळव. त्यातून निदान वेगळ्या दिशेला जाऊ शकतं.

मेडिकलमधून परस्पर गोळी मात्र आणू नकोस. गणपतीत किंवा घरच्या सत्यनारायणाला पाळी पुढे ढकलायला ज्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या जातात, त्या थांबवल्या की पाळी येते, म्हणून ‘पाळी आणायला’ही तीच पट्टी काउंटरवरून दिली जाते. ज्यांची तारीखच पक्की नसते, त्या अंदाजाने या गोळ्या घेतात, मग कुठला रक्तस्राव आपला आणि कुठला गोळीचा याचा काहीच हिशेब उरत नाही, आणि पुढचे डॉक्टर बुचकळ्यात पडतात.

आता सोनोग्राफीबद्दल. तुझ्या पत्रात सगळ्यात मोठं वजन त्या एका कागदाला आहे आणि ते मला पटत नाही. त्यात दिसतात त्या गाठी नव्हेत. प्रत्येक महिन्यात अंडाशयात बीजाच्या काही बारीक पिशव्या वाढायला लागतात, त्यातली एक दोन सेंटिमीटरच्या आसपास वाढते आणि फुटून बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये त्या काही मिलिमीटरपर्यंत येऊन थबकतात आणि कडेने रांगेत दिसतात. १९३५ साली स्टाइन आणि लेव्हेंथल या शिकागोच्या डॉक्टरांनी सात स्त्रियांवरून हा विकार मांडला, तेव्हा लक्ष अंडाशयावर होतं आणि नाव तिथूनच पडलं. आज निदान त्या चित्रावर अडलेलं नाही. २००३ सालच्या रॉटरडॅम निकषांपासून तीन गोष्टी बघतात : पाळी ३५ दिवसांहून लांब किंवा वर्षात आठपेक्षा कमी, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण, म्हणजे हनुवटी-ओठ-छाती-पोटावर जाड केस, हट्टी मुरुमं, किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन, आणि सोनोग्राफीतलं चित्र. तीनपैकी दोन पुरतात, मात्र दुसरे आजार आधी वगळावे लागतात. तुझ्याकडे पहिल्या दोन आहेत. म्हणजे सोनोग्राफी केली नसती तरी चाललं असतं.

याची दुसरी बाजू इतर वाचकांसाठी. पाळी दर महिन्याला येते, केसांचा त्रास नाही, पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली आणि अहवालात ‘पीसीओडी’ लिहून आलं, अशा मुली पुष्कळ आहेत. तरुण वयात अंडाशय तसे दिसणं सर्रास असतं. त्यांना हा आजार नाही आणि औषधही नको. आणि ज्यांना खरोखर आहे, त्यांनी ‘गाठी विरघळल्या का’ बघायला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करण्यात पैसे घालवू नयेत. उपचार लागू पडले तरी चित्र तसंच राहू शकतं. ‘गाठी काढून टाकू’ असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. अंडाशयावरची दुर्बिणीची शस्त्रक्रिया गोळ्यांनी बीज तयार झालं नाही तरच, मूल हवं असताना, विचारात घेतात.

मग तपासायचं काय? तुझ्या पत्रात थायरॉइडचा उल्लेखच नाही. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन (दुधाचं संप्रेरक), टेस्टोस्टेरॉन आणि १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (अधिवृक्क ग्रंथीचा दोष ओळखायला) हे रक्तात बघितल्याशिवाय पीसीओएसचा शिक्का मारता येत नाही, कारण थायरॉइड कमी असलं किंवा प्रोलॅक्टिन वाढलं तरी पाळी अशीच लांबते आणि त्याचं औषध अगदी वेगळं असतं. पाळी बंद असेल तर एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं संप्रेरकही बघतात. सकाळी उपाशी रक्त दे. केसगळतीसाठी बायोटिनची गोळी किंवा गमी चालू असेल तर डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस आधी थांबव, तिच्यामुळे टीएसएच आणि इतर संप्रेरकांचे आकडे खोटे येऊ शकतात, आणि हे लॅबमध्ये कोणी आपणहून विचारत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन बघण्यात अर्थ नाही, त्या थांबवून निदान तीन महिने झालेले हवेत. तुझे झालेत.

याहून महत्त्वाची तपासणी साखरेची. तुझी काळवंडलेली मान हा मळ नाही. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं, आणि ते जास्तीचं इन्शुलिन मानेच्या, काखेच्या कातडीवर असं दिसतं. तेच अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन जास्त बनवायला लावतं. शिवाय यकृतात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं एक प्रथिन तयार होतं, तेही हे इन्शुलिन कमी करतं, म्हणून मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. केस, मुरुमं, अडलेलं बीज, सगळं या एका साखळीत येतं. तेव्हा डाळीचं पीठ आणि लिंबू घेऊन मान घासू नकोस, घासल्याने ती आणखी काळी होते.

नुसती उपाशीपोटीची साखर करून समाधान मानू नकोस. ती नव्वद येते आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी एकशे साठ निघते, असं पीसीओएसमध्ये होतं. ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी माग : रात्रभर उपाशी, सकाळी एक नमुना, मग ग्लुकोजचं पाणी, दोन तास बसून राहायचं, दुसरा नमुना. दोन तासांची साखर १४०च्या खाली असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा वर म्हणजे मधुमेह. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेव. भात-पोळी बंद करून ही चाचणी केलीस तर आकडा विनाकारण वर येतो. वडिलांना मधुमेह असल्यामुळे ही तुला दरवर्षी करावी लागेल असं धरून चाल. सोबत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉन. उपाशी इन्शुलिनची महागडी तपासणी सहसा लागत नाही, त्याने उपचार बदलत नाहीत.

आईच्या गोळ्यांबद्दलच्या भीतीला तू काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस, बहुधा तुलाही ती थोडी पटलेली आहे. गोळ्या घेतल्या तेव्हा पाळी वेळेवर, सोडल्यावर पुन्हा लांब, म्हणजे गोळ्यांनी काहीतरी बिघडवलं, असा तो हिशेब. चष्मा काढल्यावर अंधुक दिसतं म्हणून चष्म्याने डोळे बिघडले असं आपण म्हणत नाही. तुझी पाळी गोळ्यांच्या आधी पाच वर्षं लांबतच होती. त्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक असतं. त्या अस्तर पातळ ठेवतात, म्हणजे गर्भाशयाचं रक्षणच करतात, आणि टेस्टोस्टेरॉन आवरतात. वंध्यत्व त्यांनी येत नाही. पण आईचं एक म्हणणं मी मान्य करेन : त्यांनी आजार मुळातून जात नाही. हे तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ‘सहा महिने घ्या, सगळं ठीक होईल’ असं सांगून पाठवलं की सातव्या महिन्यात मुलीला फसवल्यासारखं वाटतं आणि ती डॉक्टरांकडे फिरकत नाही.

गोळ्या पुन्हा सुरू करायच्या असतील तर आधी रक्तदाब मोजून घे आणि डॉक्टरांना चार गोष्टी न विचारता सांग : डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेघा येतात का, घरात कोणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, तंबाखू-सिगारेट आहे का, टीबीची औषधं चालू आहेत का. टीबीच्या रिफॅम्पिसिनने गोळीचा असर जातो. सुरुवातीचे दोन-तीन महिने मळमळ आणि मधूनच डाग दिसणं चालतं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, दम लागला तर गोळी थांबवून लगेच दाखवायचं. रोज एकाच वेळी घे, रात्रीच्या जेवणाला जोड. गोळ्या नकोच असतील तर दुसरा रस्ता आहे : दर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा दिवसांचं प्रोजेस्टेरॉन घेऊन पाळी आणायची. त्याने केसांना फायदा नाही, पण अस्तर सांभाळलं जातं.

तिसरं औषध मेटफॉर्मिन, मधुमेहात देतात ते. तुझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २७च्या वर जातो आणि घरात मधुमेह आहे, त्यामुळे डॉक्टर त्याचा विचार करतील. काही मुली ते पहिल्या पंधरा दिवसांत जुलाब आणि मळमळीमुळे सोडतात, कारण पहिल्या दिवसापासून पूर्ण डोस घेतलेला असतो. ५०० मिलिग्रॅम रात्रीच्या जेवणासोबत सुरू करून दर एक-दोन आठवड्यांनी ५००ने वाढवायचं, सावकाश विरघळणारी गोळी मागायची. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होतं, शाकाहारी असशील तर ते वर्षातून एकदा तपास. इनॉसिटॉल या पूरकाच्या पुड्यांबद्दल खूप जण लिहितात. नुकसान फारसं नाही, पुरावाही तोकडा आहे. महिन्याचं बजेट आखडतं असेल तर पहिली काट तिथे मार. आणि ‘पंधरा दिवसांत पीसीओडी मुळापासून’ म्हणणाऱ्या, घटक न लिहिलेल्या चूर्णांच्या वाटेला जाऊ नकोस.

वजनाकडे आता. तू दीड महिना जे केलंस ती शिक्षा होती, आहार नव्हता. ६८ किलोत पाच टक्के म्हणजे जवळपास साडेतीन किलो. एवढे कमी होऊन तिथेच टिकले तरी बऱ्याच जणींची पाळी जवळ यायला लागते. ५२ किलोचं बारावीतलं वजन गाठायचं काहीएक कारण नाही. पीसीओएससाठी अमुकच एक आहार सरस ठरलेला नाही. दूध सोडायची गरज नाही, गहूही नाही. आधी साखर बघ : चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे दिवसाला जवळपास ४० ग्रॅम, शिवाय बशीतली बिस्किटं. ते निम्म्यावर आण. मग प्रथिनं. पोहे, पोळी-बटाट्याची भाजी, संध्याकाळी फरसाण, रात्री वरण-भात, या दिवसात प्रथिनं जेमतेम असतात आणि म्हणूनच पाच वाजता भूक खवळते. रोज ५५-६० ग्रॅम हवीत. वाटीभर मटकीच्या उसळीत सात-आठ ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात किंवा वाटीभर दह्यात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. डब्यात दोन पोळ्या किंवा एक ज्वारीची भाकरी, उसळ, काकडी-टोमॅटो, ताक. पोह्यांत दाणे-मटार वाढव आणि सोबत अंडं किंवा दही घे. रात्री भात हवाच असेल तर खा, पण वरण आणि भाजी भातापेक्षा जास्त वाढून घे.

एक जागा हमखास चुकते ती उपवासाची. सोमवार, चतुर्थी, एकादशी, श्रावणात तर विचारूच नकोस. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यावर बटाटा आणि साखर घालून आपण दिवसभराचा उपवास करतो. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक यावर तोच उपवास नीट पार पडतो.

व्यायामाचं माप आठवड्याला १५० मिनिटं. म्हणजे पाच दिवस अर्धा तास असं चालायचं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. वजन उतरवायला अडीचशे मिनिटं लागतील. त्याशिवाय आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, आणि हा भाग मुली टाळतात. काम करणारे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात, म्हणून वजनकाटा न हलताही फायदा होतो. जिम नको. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दहा दंड, दोन लिटरच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन खांद्यापर्यंत दहा वेळा उचलणं. हे तीन फेऱ्या, वीस मिनिटांत होतं. आठवड्याला एकदा वजन, महिन्याला एकदा कमरेचा घेर. ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर तो कमी होणं हे वजनापेक्षा जास्त बोलतं.

हनुवटीच्या केसांना औषधाचा फरक दिसायला सहा महिने लागतात, केसाची वाढ-गळतीची एक फेरी तेवढी असते. तोवर थ्रेडिंग कर, त्याने केस जाड होत नाहीत. लेझर करायचा तर त्वचारोगतज्ज्ञांकडेच, सावळ्या कातडीवर चुकीच्या मशिनने भाजल्याचे डाग राहतात. साधारण सहा ते आठ बैठका, चार-सहा आठवड्यांच्या अंतराने, आणि आधीचा महिनाभर थ्रेडिंग-वॅक्सिंग बंद ठेवून फक्त कातरायचं, कारण लेझरला मूळ जागेवर हवं असतं. आतून संप्रेरकं आटोक्यात नसतील तर नवे केस येतच राहतात. आणि मेडिकलमधली ती ‘गोरेपणाची’ मिश्र ट्यूब मानेला किंवा चेहऱ्याला लावत असशील तर आजच थांबव. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड असतं आणि त्याने उलट लव वाढते. तुझे केस हळूहळू वाढलेत, ते ठीक. ज्यांचे चार-सहा महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, पुढून टक्कल पडलं, त्यांनी थेट हॉर्मोनतज्ज्ञांकडे जावं, तिथे कारण वेगळं असू शकतं.

मूल होईल का? पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना होतं, काहींना आपोआप, काहींना गोळ्यांच्या मदतीने. अडचण गर्भाशयात नाही, बीज वेळेवर सुटत नाही एवढीच आहे, आणि त्यावर लेट्रोझोलच्या पाच दिवसांच्या गोळ्या हा आजचा पहिला उपाय आहे. आत्यांनी पाहिलेलंही अगदीच खोटं नसेल. काहींची पाळी बाळंतपणानंतर काही काळ सुधारते आणि पस्तिशीनंतर तर बऱ्याच जणींची आपोआप जवळ येते. पण साखरेचा धोका तिथेच राहतो, गरोदरपणात तर वाढतो. म्हणून लग्नाला उपचार समजू नकोस. उपचाराला लग्नाचा मुहूर्तही लागत नाही. उलट लग्न ठरलं आणि लगेच मूल नको असेल तर ‘मला काय, माझी पाळीच येत नाही’ या भरवशावर राहू नकोस. बीज कधी सुटेल सांगता येत नाही, गर्भनिरोधन लागतंच. मूल हवं असेल तेव्हा तीन महिने आधी साखर तपास, फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज सुरू कर, आणि पाळी दोन-दोन महिन्यांनी येत असेल तर इतरांसारखी वर्षभर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. बीज सुटल्याचं सांगणाऱ्या घरगुती पट्ट्या पीसीओएसमध्ये फसवतात, त्या ज्या संप्रेरकावर चालतात ते इथे कायमच वाढलेलं असू शकतं.

राहिलं सांगणं. तू विचारलंयस ते एखादा गुन्हा कबूल करायचा की लपवायचा अशा सुरात. पीसीओएस साधारण दहातल्या एका स्त्रीला असतं, त्या मुलाच्या चुलत-मामे बहिणींतही कोणाला तरी असणार. आईची भीती मात्र पोकळ म्हणून उडवणार नाही. स्थळ मोडलं तर गोष्ट जातीत, नात्यात फिरते, पुढच्या स्थळाच्या आधी पोचते, आणि त्याचा त्रास आईला होणार आहे. म्हणून बायोडेटावर लिहायचं नाही, कांदेपोह्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नाही. पण न सांगता लग्न केलंस तर गोळ्यांचं पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात, डॉक्टरांकडे जायचं माहेरी येऊन, सहाव्या महिन्यापासून ‘काही बातमी?’ला एकटीने तोंड देणं, हे सगळं येतं. लपवलेलं औषध नीट घेतलं जात नाही. माझं मत : दोन-तीन भेटी होऊन तुम्हा दोघांचं मन झालं की, सुपारी फुटायच्या आधी, फक्त त्याला, समोरासमोर. साधारण असं : “माझी पाळी अनियमित आहे, पीसीओएसमुळे. उपचार आणि व्यायाम चालू आहे. मूल होण्यात अडचण येईलच असं नाही, कदाचित गोळ्यांची मदत लागेल. वडिलांना मधुमेह आहे म्हणून साखर दरवर्षी तपासते. तुम्हाला डॉक्टरांना काही विचारायचं असेल तर सोबत जाऊ.” मग त्यालाही विचार, “तुमच्या तब्येतीचं मला माहीत असावं असं काही आहे?” तो गप्प झाला तर लगेच अर्थ काढू नकोस, चार दिवस दे. घरी जाऊन आईला विचारतो म्हणाला तर कोणत्या शब्दांत विचारणार आहे तेही ऐकून घे.

आईशी मात्र घरी वाद घालू नकोस. तिला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि तिच्यासमोरच विचार : या गोळ्यांनी गर्भाशयाला काय होतं, नाही घेतल्या तर काय होतं. सोबत एका कागदावर गेल्या वर्षातल्या पाळीच्या तारखा ने. रक्त व्यवस्थित जायला लागलं तो दिवस पहिला, नुसता डाग दिसला तो धरायचा नाही, आणि अंतर पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. वजन, जुने अहवाल, घेतलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, बायोटिनसकट.

तुझ्या पत्रात एक वाक्य मधेच येऊन गेलं, की हल्ली कोणाच्या लग्नाला जावंसंही वाटत नाही. पीसीओएसमध्ये उदासी आणि काळजी इतरांपेक्षा जास्त आढळते, हे डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे, म्हणून ते वाक्यही डॉक्टरांना ऐकव. दोन आठवडे रोज असंच वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

बारीक अंगाच्या मुलींनाही हा आजार असतो. त्यांना वजन उतरवायला सांगू नये, साखरेची तपासणी मात्र त्यांचीही करावी. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या आयांसाठी : पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्षभर ती कशीही येते, त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. पहिल्या आठ वर्षांत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवत नाहीत, त्या वयात बऱ्याच जणींचे अंडाशय तसेच दिसतात. ९० दिवस उलटून गेले, जाड केस येताहेत, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे न्यावं.